कानाला जप

गागोदे बुद्रुक

चि. बाळू यास,


पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर तू "हो मामा, बघतो मामा" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसलो. परवा पेणच्या स्टँडवर तुझा तो ड्रमवाला दोस्त भेटला. तू दोन-दोन रात्री हेडफोन लावून स्टुडिओत बसतोस आणि हल्ली तुझ्या कानात शीळ वाजते, असं तो सहज बोलून गेला. वर म्हणाला, "मामा, या लाइनीत सगळ्यांनाच होतं." समोरून माझी एसटी गेली तरी मला कळलं नाही.

शीळ कधीपासून वाजते? आईला का नाही सांगितलंस?

तू नोकरी सोडलीस तेव्हा तुझे बाबा महिनाभर बोलले नाहीत. मी मात्र तुझी बाजू घेतली होती. पेणच्या कारखान्यात गणपती साच्यातून कोणीही काढतो, पण डोळ्यांची आखणी एखाद्याच्याच हातची असते. गाण्याच्या प्रोड्यूसरचं काम तसंच असणार, असं मी त्यांना समजावलं. आता आखणीवालाच डोळ्यांत धूळ घालून घेत असेल तर मी काय बोलू?

तुझ्या त्या प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिनचं गणपतीत तूच सांगितलं होतंस. १९६२ मध्ये बीटल्सना त्यानं हाताशी धरलं, 'यस्टरडे'ला व्हायोलिनं-चेलो लावायचं त्यानंच सुचवलं, आणि रेकॉर्डी लाखांनी खपल्या तरी कंपनी त्याला नुसता पगारच देत होती, म्हणून १९६५ मध्ये बाहेर पडून त्यानं स्वतःचं दुकान मांडलं. पुढचं मात्र तू गाळलंस, ते मला नातीनं वाचून दाखवलं. पन्नाशीच्या आसपासच त्याला ऐकू कमी यायला लागलं. पुढे त्याचा पोरगा जाइल्स त्याचे कान झाला, आणि २००६ चा 'लव्ह' अल्बम बापलेकांनी मिळून केला. त्याला पोरगा होता. तुझं तर अजून लग्नही नाही!

पेणच्या डॉक्टरांनी मला कानाचं यंत्र बसवताना सांगितलं की ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे शंभरला जेमतेम पाव तास. आतल्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. तू रात्र रात्र बसतोस.

विशीत मी लग्नसराईत बेंजोपार्टीबरोबर हिंडायचो. कर्ण्याला खेटून उभं राहायचं, त्यातच मोठी मर्दुमकी वाटायची. खालूबाजातला सनईवाला म्हातारा "शिकायला ये" म्हणून दोनदा घरी आला होता. मला ते जुनाट वाटलं. सनई राहिली, डावा कानही गेला. आता लांब कोणी सनई धरली तर मला नुसता ढोल कळतो. कान कशानं गेला, हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

एकट्यानं सगळं ओढू नकोस एवढंच म्हणतो. अनिल मोहिले व्हायोलिनवाले, अरुण पौडवाल अकॉर्डियनवाले. दोघांनी मिळून 'अनिल-अरुण' या नावानं 'अष्टविनायक'ची गाणी केली. तुझ्या बँडमध्येही चार पोरं आहेत. रात्री बारानंतर त्यांच्यातला एक ऐकेल, तू झोप. सकाळच्या ताज्या कानांना काय खटकतं ते बघ. आवाज कमी ठेवून ऐकायची सवय लाव. पण आधी तपासणी कर, शीळ आपोआप जाईल म्हणून थांबू नकोस.

रागावलो, मनाला लावून घेऊ नकोस. तू पाठवलेलं गाणं उजव्या कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. मधे गिटार थांबते आणि नुसती ढोलकी राहते, ती जागा तुझीच ना? मामीनं लगेच ओळखली.

तपासणीचे पैसे मी पाठवतो, आईला बोलणार नाही. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लावू, पोरांनाही घेऊन ये. ओटीवर सगळ्यांची झोपायची सोय होईल. येण्याआधी कळव, मामीला पापड लाटायचे आहेत.

तुझा,
मामा