टॉर्क कन्व्हर्टरची निवड

स्वयंचलित गिअरपेटीच्या मोटारीत पायाने दाबावयाचा क्लच नसतो. तरीही चौकात गाडी थांबली असता तिचे एंजिन चालू राहते आणि प्रवेगक दाबताच गाडी धक्का न देता पुढे सरकते. ही किमया टॉर्क कन्व्हर्टरची होय. टॉर्क म्हणजे फिरवणारा जोर. तो एंजिनाकडून घेऊन, आवश्यक तेव्हा वाढवून, गिअरपेटीस देणे हे या भागाचे कार्य. जुन्या मोटारींचे जतन करणाऱ्यास हा भाग बदलण्याची वेळ कधी ना कधी येतेच. निवड चुकली तर उत्तम एंजिनही निस्तेज भासते, आणि अनेक वर्षे सांभाळलेली गिअरपेटी उष्णतेने निकामी होऊ शकते.

या यंत्राची मूळ कल्पना मोटारीसाठी नव्हती. वाफेची टर्बाइन अतिवेगाने फिरते, तर जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो. या दोहोंचा मेळ द्रवाच्या साहाय्याने घालण्याची युक्ती जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर यांनी शोधली व १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. अमेरिकेत ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मोटारींना मिळालेल्या हायड्रामॅटिक गिअरपेटीत साधा द्रव-जोड होता. तो जोर पोहोचवी, पण वाढवीत नसे. १९४८ मध्ये ब्यूकच्या डायनाफ्लोबरोबर खरा टॉर्क कन्व्हर्टर प्रवासी मोटारीत आला.

कन्व्हर्टरच्या कवचात तेल असते व पात्यांची तीन चक्रे असतात. पहिले चक्र, म्हणजे पंप, एंजिनाबरोबर फिरते व तेल बाहेरच्या कडेकडे फेकते. ते तेल समोरच्या टर्बाइनवर आदळून तिला फिरवते. टर्बाइन गिअरपेटीच्या दंडास जोडलेली असते. परत येणाऱ्या तेलाची दिशा पंपाला विरोध करणारी असते. मध्यभागी बसवलेला स्टेटर ती दिशा वळवून पंपाला अनुकूल करतो. त्यामुळे गाडी सुटताना टॉर्क सुमारे दुप्पट होतो. टर्बाइनचा वेग पंपाच्या वेगाजवळ पोहोचला की ही वाढ नाहीशी होते आणि स्टेटरही प्रवाहाबरोबर मोकळा फिरू लागतो.

निवडीच्या संदर्भात जो आकडा वारंवार पुढे केला जातो, तो म्हणजे स्टॉल वेग. टर्बाइन रोखून धरली असता एंजिन पूर्ण जोराने जास्तीत जास्त जितके फेरे दर मिनिटाला घेऊ शकते, तो हा वेग. परंतु हा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नव्हे, हे नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. एंजिनाच्या टॉर्कचे वर्गमूळ ज्या प्रमाणात वाढते, त्या प्रमाणात स्टॉल वेग वाढतो. समजा, ४०० न्यूटन-मीटर टॉर्क देणाऱ्या एंजिनाशी जोडलेल्या कन्व्हर्टरचा स्टॉल वेग २००० आहे. तोच कन्व्हर्टर ५७६ न्यूटन-मीटरच्या एंजिनामागे २४०० दाखवील, आणि २५६ न्यूटन-मीटरच्या एंजिनामागे केवळ १६००. म्हणून मित्राच्या गाडीत उत्तम चाललेला भाग आपल्या गाडीतही तसाच चालेल, असे गृहीत धरणे धोक्याचे असते.

व्यासाचा परिणाम याहूनही तीव्र असतो. पात्यांची रचना तीच ठेवून व्यास ३० सेंटिमीटरवरून २५ वर आणला, तर स्टॉल वेग दीडपटीहून अधिक होतो. शर्यतीच्या गाड्यांत लहान कन्व्हर्टर दिसतात ते याच कारणाने.

आता १९६९ ची शेव्हरले कॅमारो हे उदाहरण घेऊ. ५.७ लिटरच्या एंजिनाबरोबर तीन गिअरांची टर्बो-हायड्रामॅटिक ३५० ही गिअरपेटी तिच्यात मिळत असे. एंजिन मूळचेच असेल, तर ते कमी फेऱ्यांतही भरपूर जोर देते. त्याला मूळ जातीचाच, कमी स्टॉल वेगाचा कन्व्हर्टर शोभतो. झडपा अधिक काळ उघड्या ठेवणारा कॅमदंड बसवला असेल, तर मात्र कमी फेऱ्यांतला जोर घटून तो वरच्या फेऱ्यांकडे सरकतो. अशा एंजिनाला मूळ कन्व्हर्टर चौकात उभे असतानाच ओढून धरतो. गाडी थरथरते, क्वचित बंदही पडते. येथे स्टॉल वेग वाढवणे योग्य ठरते. पण तो एंजिन मनापासून ओढू लागते त्या फेऱ्यांच्या किंचित वर असावा, सर्वाधिक टॉर्कच्या फेऱ्यांपलीकडे नसावा.

मागच्या आसाचे गुणोत्तरही पाहावे लागते. ६६ सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी १०० किलोमीटर वेगाने दर मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. आसाचे गुणोत्तर ३.०८ असल्यास तिसऱ्या गिअरमध्ये एंजिनास सुमारे २५०० फेरे घ्यावे लागतात, २.७३ असल्यास सुमारे २२००. येथे ३००० स्टॉल वेगाचा कन्व्हर्टर बसवला, तर सपाट रस्त्यावर हलक्या भाराने घसर मर्यादित राहील. पण चढावर किंवा वजन लादल्यावर ती वाढत जाईल. घसर म्हणजे वाया गेलेले इंधन आणि तापलेले तेल. हलकी गाडी थोडी अधिक घसर सहज सोसते; जड गाडी मात्र सुटताना तेल अधिक वेळ घुसळते.

या उष्णतेचे प्रमाण लक्षात घेण्याजोगे आहे. ४०० न्यूटन-मीटर टॉर्क देणारे एंजिन २००० फेऱ्यांवर रोखून धरले, तर सुमारे ८४ किलोवॉट शक्ती सबंध तेलात उतरते. २ किलोवॉटचे चाळीसहून अधिक विजेचे बंब एकाच वेळी चालू करण्यासारखे हे आहे. म्हणूनच स्टॉलची चाचणी काही सेकंदांपलीकडे नेऊ नये, आणि स्टॉल वेग वाढवताना तेल थंड करणारा स्वतंत्र शीतक जोडावा. पूर्वीची गिअरपेटी जळलेली असेल, तर जुना शीतक व त्याच्या नळ्या साफ केल्यावाचून, किंवा बदलल्यावाचून, नवा कन्व्हर्टर बसवू नये. राहिलेला धातूचा कीस प्रथम त्यालाच ग्रासतो.

तात्पर्य, विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी मालकाजवळ गाडीचे वजन, एंजिनाचा टॉर्क व तो कोणत्या फेऱ्यांवर मिळतो, कॅमदंडाचा तपशील, आसाचे गुणोत्तर आणि चाकाचा व्यास यांची नोंद असावी. गाडी प्रामुख्याने महामार्गावर, शहरात की शर्यतीत चालणार, हेही त्याने आधी ठरवलेले असावे. ही नोंद हाती असली म्हणजे मोठ्या आकड्याचा मोह आपोआप ओसरतो. आणि गाडी रोज रस्त्यावर नेणाऱ्याने, दोन आकड्यांमध्ये शंका राहिल्यास, लहान आकडा पत्करावा.