हप्ते चालू असताना भाड्याचं घर

पोरी, कर्जाची तडजोड करावी लागतेय यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. पतपेढीत वसुलीच्या टेबलावर माझी नोकरी झाली, म्हणून सांगते. बुडवणारा माणूस समोर येऊन हप्ते ठरवत नाही, तो फोन बंद करतो. तू ठरवायला निघालीस, हेच मोठं. पण घर भाड्याने घ्यायचं असेल तर काही गोष्टी नीट ऐक.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची. हप्ता ठरण्याआधी भाडं धर. लोकांचं इथेच चुकतं. बँकेच्या माणसासमोर बसलं की सुटकेच्या घाईत मोठा आकडा कबूल करतात आणि देवनारला खोलीचं भाडं किती, हे नंतर विचारतात. तडजोड लोकअदालतीत झाली तर तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो, त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधीच पगाराची स्लिप आणि भाड्याचा आकडा टेबलावर ठेव, ‘याच्या वर मला जमणार नाही’ असं स्पष्ट सांग. थोडा लहान हप्ता जास्त महिने भरलास तरी चालेल, पण एकही चुकवू नकोस. तडजोड मोडली की सूट बहुतेक वेळा जाते आणि सगळी थकबाकी पुन्हा अंगावर येते.

डिपॉझिटसाठी नवं कर्ज काढायचं नाही. मोबाइलवरच्या ॲपचं तर मुळीच नाही. हेवी डिपॉझिटच्या, म्हणजे भाड्याऐवजी मोठी रक्कम एकदम देण्याच्याही नादाला लागू नकोस. भाडं वाचतं हे खरं, पण तुझी सगळी पुंजी एका माणसाच्या हातात जाते. त्याचंच घर बँकेकडे गहाण असेल आणि त्याने हप्ते थकवले, तर तू कुणाकडे मागशील? त्यापेक्षा देवनारच्या पुढे मानखुर्द-वाशीकडे लहान घर बघ. देवनारला टिसच्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या) आसपास घरमालकांना भाडेकरूंची वाण नाही, तिथे घासाघीस फार चालायची नाही.

घरमालक सिबिलचा, म्हणजे पतीचा अहवाल मागेल. त्याला तुझा अहवाल परस्पर काढता येत नाही, तू दिलास तरच तो बघेल. आधी स्वतः काढून वाच. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षाला एकेक अहवाल फुकट मिळतो. त्यात ‘सेटल्ड’ लिहिलेलं असेल तर लपवू नकोस. बँकेचं तडजोडीचं पत्र, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या आणि आधीच्या घराचं भाडं वेळेवर गेल्याची नोंद, एवढं त्याच्यासमोर ठेव. समजूतदार मालकाला भाडं दर महिन्याला येईल की नाही, याचीच काळजी असते.

करार नोंदवलेलाच हवा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असं एजंट सांगेल, ते आपल्याकडे खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. मुंबईत नोंदणी फी 1000 रुपये, स्टँप ड्युटी वेगळी. त्याच कायद्यात कलम 24 आहे: मुदत संपूनही राहिलीस तर भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते. हप्ते भरणाऱ्या माणसाला तो भार झेपत नाही, म्हणून मुदतीची तारीख लिहून ठेव. एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीतली खोली असेल तर ती भाड्याने देता येते का, हे आधी विचार. वाटप झाल्यावर ठरावीक वर्षं तसं करायला मनाई असते.

भाडं नेहमी बँकेतून दे. ज्या बँकेचं कर्ज थकलंय, तिथल्या खात्यात भाड्याचे पैसे ठेवू नकोस. बँक ते थकबाकीत वळते करू शकते.

नवा पत्ता बँकेला लेखी कळव आणि पोच घे. वसुलीवाले नव्या सोसायटीत येतील, शेजारी बघतील, या भीतीने बरेच जण पत्ता दडवतात. मग नोटिसा जुन्या दारावर पडून राहतात आणि तारीख निघून जाते. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये बजावलंय, वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. कुणी तसं वागलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार कर. महिन्यात दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही.

आणि सही करण्याआधी कराराचा कागद मला आणून दाखव. घाई एजंटला असते, तुला नाही.