अंगणातला मोठा कोळी : भीती कशाची आणि काळजी कशाची?

पावसाळा सरत आला की आपल्या वस्त्यांमधून एक तक्रार हमखास ऐकू येते. "घरामागे भलामोठा कोळी बसलाय, लेकरं बाहेर जायला घाबरतात." मग कोणी केरसुणी घेतो, कोणी कागद पेटवून जाळे जाळतो, तर कोणी झुरळाचा फवारा मारतो. मारण्याआधी हा कोळी आहे तरी कोण, ते आपण पाहू.

शेवग्याच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावर गोल जाळे विणून मधोमध उलटा बसणारा, पोटावर पिवळे-करडे पट्टे असलेला आणि पाय जोडी-जोडीने फुलीसारखे ठेवणारा कोळी म्हणजे 'सिग्नेचर स्पायडर'. त्याच्या जाळ्यात पांढरी नागमोडी वीण दिसते, जणू कोणी सही केली आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला असलेल्या वस्त्यांत याहून मोठा, पसरलेल्या पायांसह तळहाताएवढा 'जायंट वुड स्पायडर' दिसू शकतो. त्याचे जाळे उन्हात सोनेरी चमकते. मोठी दिसते ती मादी असते. नर अगदी चिमुकला.

या दोघांनाही विष असते, पण ते किडे मारण्यापुरते. माणसाच्या अंगावर ते धावून येत नाहीत. हातात दाबला गेला तरच चावतात, आणि मग थोडी आग व सूज येऊन ती बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. चावल्याची जागा साबणाने धुवावी आणि थंड पाण्याची पट्टी ठेवावी. झाडाच्या ढोलीत राहणारा जाडजूड, केसाळ कोळी मात्र वेगळा. तो चावला तर स्नायूंत वांब येऊ शकतात, म्हणून दवाखाना गाठावा.

आम्हाला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. अंगावर फोडांची रांग उठली की आपण म्हणतो, "कोळी मुतला." कोळ्याच्या मुतण्याने असे फोड येत नाहीत. त्यामागे बहुतेक वेळा दोन कारणे असतात.

पहिले कारण, ट्यूबलाइटवर येणारा मुंगीसारखा लांबट, काळा-केशरी किडा. तो अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते आणि दुसऱ्या दिवशी लाल पट्टा उठतो. हा किडा चिरडू नका, फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर ती जागा आणि हात लगेच साबणाने धुवा, डोळ्याला हात लावू नका.

दुसरे कारण नागीण. लहानपणी कांजण्या झाल्या की त्यांचा विषाणू शरीरातल्या नसांत दबून राहतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की तो उठतो. शरीराच्या एकाच बाजूला आधी ठणका लागतो, मग पुरळ येते. यावर औषध आहे आणि ते पुरळ उठल्यापासून तीन दिवसांत, म्हणजे ७२ तासांत, सुरू केले तर उत्तम गुण येतो. नेमके हेच तीन दिवस आपण गेरू लावण्यात आणि मंत्र टाकून घेण्यात घालवतो. पुढे फोड सुकतात, पण काहींचा ठणका महिनोन्‌महिने राहतो. नागिणीच्या तोंडाला शेपूट मिळाली की माणूस मरतो, हे खरे नाही. पण फोड कपाळावर, नाकावर किंवा डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, दृष्टी जाण्याचा धोका असतो. फोड सुकेपर्यंत तान्ही मुले आणि कांजण्या न झालेल्या गरोदर बायांना रुग्णापासून जपा.

कोणत्याही किड्याच्या चाव्यानंतर दम लागला, तोंड सुजले किंवा चक्कर आली तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. लाली पसरत गेली, पू झाला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असणाऱ्यांनी तर थांबूच नये.

आणि तो अंगणातला कोळी? जाळे वाटेत असेल तर रुंद तोंडाची बरणी त्याच्यावर धरा, खालून पुठ्ठा सरकवा आणि दूरच्या झुडपावर सोडा. तो तिथे नवे जाळे विणेल. आग लावू नका. बंद खोलीत, चुलीजवळ किंवा गॅसजवळ फवारा मारू नका, तो पेट घेतो. वाटेत नसेल तर त्याला राहू द्या. माश्या-किडे खाऊन तो आपलेच काम हलके करतो. लेकरांना दुरून दाखवा, त्याचे पाय मोजायला सांगा. आठ भरतील.