पाडव्याच्या आत वेल मांडवावर : माघ-फाल्गुनातील परसबागेची कामे



गाळप हंगाम भरात असतो, आपल्या उसाची तोड कधी येते याकडे घरादाराचे डोळे लागलेले असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत उन्हाळी भाजी लावण्याची वेळ येते आणि निघूनही जाते. मग चैत्र-वैशाखात आठवडे बाजारात गवार-भेंडीचा भाव विचारायचा आणि पिशवीत बटाटे घालून परत फिरायचे. ज्याच्या विहिरीवर पाच एकर ऊस पोसला जातो त्याच्या घरात उन्हाळाभर हिरवी भाजी दिसू नये, याला काय म्हणावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जे आहारविषयक मार्गदर्शन प्रसिद्ध केले त्यात मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. पाच माणसांच्या घराला रोजची दोन किलो झाली. एवढी सगळी विकत आणणे भल्याभल्यांना परवडत नाही. घराजवळच्या एका गुंठ्यात म्हणजे सुमारे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागेत ती सगळी होईल असे आम्ही म्हणत नाही. उन्हाळ्यात तर नाहीच. पण निम्मी झाली तरी थोडी नव्हे.

थंड मुलखांत वसंतात बर्फ वितळते, मातीला ऊब येते, म्हणून तिकडची माणसे वसंताची वाट बघून वाफे करतात. आपल्याकडे वसंत म्हणजे उन्हाळ्याचे दार. तिथे उबेची वाट बघायची, इथे उष्म्याच्या पुढे पळायचे. आपली सगळी घाई एवढ्याचसाठी, की कडक ऊन लागण्यापूर्वी रोपाची मुळे खोल गेली पाहिजेत. गुढीपाडव्याला वेल मांडवावर चढलेला असला आणि बुडाची माती झाकलेली असली, तर ती बाग उन्हाळा काढते. पाडव्याला ज्याचे बी अजून पुडीत आहे त्याने उन्हाळी बागेचा नाद सोडून मृगाची तयारी करावी हे बरे.

ही गोष्ट पुस्तकापेक्षा सिरोंच्याच्या वाड्यांत जास्त चांगली समजते. गडचिरोली जिल्ह्याचे हे अगदी दक्षिणेचे टोक. जिल्ह्याच्या गावापासून दोनशेहून अधिक किलोमीटर, वाटेत जंगलच जंगल. गावाला लागून प्राणहिता वाहते, ती तिथून जवळच गोदावरीला मिळते आणि पलीकडच्या तीरावर तेलंगणातले काळेश्वर. प्रस्तुत लेखकाने नोकरीनिमित्त काही वर्षे त्या बाजूला काढली आहेत. वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, वारा नुसता भाजून काढतो. आपल्याकडच्यासारखे पाटाचे पाणी सगळीकडे नाही आणि साखर कारखाना तर त्या तालुक्यात नाहीच. तरी घरामागे बांबूचे कुंपण घातलेली वाडी असायचीच. पूर्व विदर्भात हिला सांदवाडी म्हणतात. दुधी आणि कोहळं (आपला लाल भोपळा) छपरावर, दोडका कुंपणावर, खाली वांगी-मिरची, कडेला अंबाडी. घरात मराठी, शेजारी तेलुगू, पलीकडच्या पाड्यावर गोंडी-माडिया, त्यामुळे भाज्यांची नावेही तिन्हीकडची. दोडक्याला कोणी बीरकाया म्हणेल, अंबाडीला कोणी पुंटीकूरा. अंबाडी तिथे इतक्या आवडीने खातात, की आपल्याकडे ती मागे का पडली हे कळत नाही.

त्या लोकांनाही माघ-फाल्गुनात सवड नसते, हे विशेष सांगण्यासारखे. गडचिरोली जिल्ह्यातून दर वर्षी मोठ्या संख्येने मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात, ते याच दिवसांत. म्हणजे आपल्याकडे ऊसतोड, त्यांच्याकडे मिरचीतोड. तरीही वाडी होते, याचे कारण तिची जड कामे तोडीला निघण्याच्या आधी उरकलेली असतात. खड्डे पौषात, बी माघात. मागे राहिलेली म्हातारी माणसे मग नुसते पाणी घालतात आणि गुरे हाकलतात.

पहिले काम खड्ड्यांचे. वेलभाज्यांसाठी दीड फूट लांब-रुंद आणि एक फूट खोल खड्डे, एकमेकांपासून पाच-सहा फुटांवर, शक्यतो कुंपणाच्या कडेने घ्यावेत. एका गुंठ्याला असे सात-आठ पुरतात. आठ दिवस खड्डा उन्हात तापू द्यावा. मग वरची माती आणि चांगले कुजलेले शेणखत निम्मे-निम्मे मिसळून भरावा, पण काठोकाठ नव्हे. जमिनीपेक्षा तीन-चार बोटे खालीच ठेवावा. पुष्कळ मंडळी इथे चुकतात. पावसाळ्यात रोप गादीवाफ्यावर लावायचे असते, ती सवय हाताला लागलेली असते आणि उन्हाळ्यातही वाफा उंच केला जातो. उंच वाफा चहूबाजूंनी वाळतो. उन्हाळ्याचा वाफा खोलगट हवा, परातीसारखा, म्हणजे घातलेला तांब्याभर पाणीही मुळाशीच राहते.

सगळ्या गुंठ्याला मिळून शेणखत २०० ते २५० किलो, म्हणजे साधारण अर्धी बैलगाडी लागेल. उकिरड्यातले ताजे शेण आणून टाकू नये. त्याने हुमणी आणि वाळवी घरबसल्या येते. कारखान्याचे प्रेसमड वापरायचे तर तेही ताजे नको. ढिगात ते इतके तापते, की हात घातला तर चटका बसतो. सावलीत ओलसर ठेवून दोन-तीन महिने कुजवावे, वास गेला आणि हाताला मातीसारखे भुसभुशीत लागले की वापरावे.

बियाण्याचे थोडक्यात सांगतो. दुधी, दोडका, कारले, काकडी, ढेमसे यांचे बी माघाच्या पहिल्या पंधरवड्यात लावावे. दुधीचे बी रात्रभर, कारल्याचे पुरते २४ तास कोमट पाण्यात भिजवावे, त्याचे साल जाड असते. एका खड्ड्यात तीन-चार बिया टोकून पुढे दोन जोमदार रोपे ठेवावीत. भेंडी आणि गवार खोलगट वाफ्यात ओळीने. उन्हाळ्यात झाड फार वाढत नाही, म्हणून भेंडी एक फूट बाय अर्धा फूट अशी जवळ लावली तरी चालते. भेंडीवर शिरा पिवळ्या पडणारा केवडा येतो, तो पांढरी माशी पसरवते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती किंवा बंगळूरची अर्का अनामिका या जाती त्याला तोंड देण्यासाठी काढलेल्या आहेत. तांदुळजा आणि राजगिरा दर पंधरा दिवसांनी चिमूट-चिमूट फेकत राहावे, एकदम नव्हे. मेथी-कोथिंबीर पाडव्यानंतर हवी असेल तर मांडवाच्या सावलीत. टोमॅटोचा मात्र उन्हाळ्यात हट्ट धरू नये, कडक उन्हात त्याची फुले गळतात आणि पदरात नुसता पाला पडतो.

आता माती झाकण्याचे. ह्या बाबतीत सिरोंच्याचा माणूस आपला हेवा करील. तो बिचारा जंगलातून पालापाचोळा गोळा करून आणतो, आणि आपण तोड झाल्यावर उसाच्या पाचटाला काडी लावतो! खोडव्यात पाचट ठेवावे हे तर आता सर्वांना पटलेले आहे. त्यातलेच चार भारे परसबागेकडे वळवावेत. रोप वीतभर झाले की भोवती तीन-चार इंच जाडीचा पाचटाचा थर द्यावा. खोडाला मात्र चिकटवू नये, तीन-चार बोटे मोकळी सोडावी. पाचट मातीत गाडूही नये. गाडलेले पाचट कुजताना जमिनीतले नत्र स्वतःच खाते आणि रोपे पिवळी पडतात. वर पसरलेले पाचट असा त्रास देत नाही. वाळवी दिसली तर थर उलथून एक दिवस ऊन द्यावे.

पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर द्यावे. ज्यांच्याकडे लोडशेडिंगमुळे पंपाचा भरवसा नाही त्यांनी माठ पुरावा. आठ-दहा लिटरचा, कच्च्या रंगाचा, पाझरणारा साधा माठ गळ्यापर्यंत मातीत पुरायचा, भोवती चार बिया लावायच्या आणि दोन-तीन दिवसांनी माठ भरायचा. वर झाकण ठेवायचे, नाहीतर डासांची पैदास होते. मोरीचे पाणी केळी, अळू, शेवगा यांना द्यावे. साबणाचे पाणी पालेभाजीला नको.

यापुढचा मजकूर पुरुष सभासदांनी नीट वाचावा, कारण बाग घरातल्या बायकांनी लावलेली असते आणि तिचा घात बहुधा आपल्या पाठीवरच्या पंपाने होतो. सुरू उसाची लागण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. लागणीनंतर ॲट्राझिन, आणि पुढे रुंद पानाच्या तणांसाठी टू-फोर-डी, हे आपल्याकडे सर्रास चालते. टू-फोर-डी गवतवर्गातल्या उसाला सहसा इजा करत नाही, पण भेंडी, टोमॅटो, वाल, चवळी, वेलभाज्या, कापूस, द्राक्ष यांना त्याचा नुसता वारा लागला तरी पुरे. पाने अरुंद होऊन पंख्यासारखी दुमडतात, शिरा ताणल्यासारख्या दिसतात, शेंडा पिळवटतो. घरातली माणसे म्हणतात, व्हायरस आला. मग दुकानदार सांगेल ते कीटकनाशक आणून खायच्या भाजीवर मारले जाते. रोग नव्हताच, औषध मात्र पोटात जाते.

फरक ओळखणे अवघड नाही. व्हायरस एका झाडापासून दुसऱ्याकडे, दिवसेंदिवस सरकतो. टू-फोर-डीचा मार फवारणीनंतर थोड्याच दिवसांत, वाऱ्याच्या बाजूच्या सगळ्या झाडांवर आणि निरनिराळ्या भाज्यांवर एकदम दिसतो. असे झाले तर औषध मारू नये, पाणी द्यावे आणि वाट पाहावी. हलका मार असेल तर नवीन फूट सरळ येते.

मुळात असे होऊ नये म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारावा. एकदा टू-फोर-डी गेलेला पंप दोनदा विसळला तरी निर्धोक होत नाही. नोझल आणि नळीत राहिलेला अंशही भेंडीला पुरतो. वारा पडलेला असताना किंवा बागेकडून उसाकडे वाहत असतानाच फवारावे. बाजारात मिळणाऱ्या प्रकारांपैकी ईस्टर प्रकार उन्हात वाफ होऊन दूर जातो, तेव्हा घराजवळच्या प्लॉटात सोडियम किंवा अमाइन क्षाराचा प्रकार घ्यावा. ॲट्राझिन मारलेल्या सरीतली माती बागेत आणू नये, तिथले पाणीही बागेत सोडू नये. त्याचा अंश जमिनीत काही महिने राहतो. आणि मोनोक्रोटोफॉसची बाटली कोणाच्या माळ्यावर पडलेली असेल तर ती भाजीसाठी उतरवू नका. भाजीपाल्यावर ते वापरायला २००५ पासून बंदी आहे.

परसबागेतल्या किडीला बहुतेक वेळा हातच पुरतात. वेलाच्या पहिल्या दोन पानांवर तांबडे भुंगेरे येतात, सकाळी दव असताना चुलीतली राख भुरभुरावी. मावा-तुडतुड्यांवर अर्धा किलो निंबोळीचे चूर्ण रात्रभर भिजवून, गाळून, दहा लिटर पाण्यात करून फवारावे. फळमाशीने डंख मारलेले दोडके-कारले वेलाखाली पडू देऊ नये. ते गोळा करून दोन फूट खोल पुरावे, नुसते कुंपणाबाहेर फेकले तर अळ्या मातीत शिरून माश्या होऊन परत येतात.

एक तक्रार दर वर्षी ऐकू येते. दुधीला फुले भरपूर, पण बारके फळ पिवळे पडून गळते. याला खत कमी पडले असे समजून युरिया टाकतात आणि वेल अधिकच पाल्यावर जातो. पुष्कळदा कारण एवढेच असते, की मादी फुलावर पराग पोचलेला नसतो. मादी फुलाच्या मागे बारीक फळ असते, नर फुलाचा देठ साधा असतो. नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून मादी फुलाच्या मधोमध अलगद टेकवावे. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा हे काम दिवेलागणीला करायचे. भोपळा आणि काकडीचे सकाळी, नऊच्या आत. घरातली पोरे हे काम हौसेने करतात, त्यांच्यावरच सोपवावे.

शेवटी बियाण्याचे. २०२२ च्या जुलैत गोदावरी-प्राणहितेला मोठा पूर आला तेव्हा सिरोंचा तालुक्यात फार नुकसान झाले. नदीकाठच्या माणसाला पावसाळी वाडीचा भरवसा कधीच नसतो. म्हणून उन्हाळी वाडीतले एक फळ तो बियाण्यासाठी राखतो. पहिल्या बहरातला, निरोगी वेलाचा, सरळ वाढलेला एक दुधी तोडायचा नाही. त्याला दोरा बांधून ठेवावा, म्हणजे घरातले कोणी चुकून भाजीला नेत नाही. साल कडक होऊन हलवल्यावर आत बी खुळखुळू लागले की देठासकट उतरवावा आणि चुलीच्या वर आढ्याला टांगावा. धुराने कीड लागत नाही. संकरित बियाण्याच्या वेलाचा दुधी मात्र यासाठी ठेवू नये, पुढच्या पिढीत सारखी फळे येत नाहीत. मृगात तो फोडून कुंपणाच्या कडेला लावावा, आणि उरलेले बी शेजारी द्यावे.