नव्या लशीसंबंधी भाच्यास पत्र

तुर्भे,
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

चि. बाळू यास,

तुझे पत्र पोचले. पावसाळ्याच्या तोंडावर तू नारायणगाव सोडून येथील कांदा-बटाटा बाजारात गाळ्यावर कामास येणार, सूनबाईला पाचवा महिना लागला आहे, अक्काचा मधुमेह अद्याप पुरता आटोक्यात नाही, आणि अशा समयी डॉक्टरांनी तिघांनाही यंदाची फ्लूची नवी लस घेण्याचा सल्ला दिला असता, दरवर्षी बदलणाऱ्या औषधावर कितपत विसंबावे या विवंचनेत तू पडला आहेस. तू विचारलेस हे मला आवडले. आपल्या माणसांच्या शरीरात काय जाणार याची चौकशी करणे हे कर्त्या पुरुषाचे कर्तव्यच होय. मात्र जो शंका उपस्थित करतो, त्याच्यावर तिची शहानिशा करण्याचीही जबाबदारी येते. शंका उराशी धरून आषाढ-श्रावण जाऊ देणे म्हणजे निर्णय लांबणीवर टाकणे नव्हे, तो विचारावाचून लस नाकारण्याचाच निर्णय होय.

प्रथम या लशीत नवे काय आणि जुने काय हे निरखून पाहा. फ्लूचा विषाणू आपले बाह्य रूप सतत बदलत असतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात, जगभर कोणते वाण फिरत आहेत याचा आढावा घेऊन लशीत कोणते असावेत याची शिफारस करतात. बदलतात ते हे वाण. विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवावा, त्यास निर्जीव करावे आणि शुद्ध करून टोचावे, ही रीत 1940 च्या दशकापासून चालत आलेली आहे. निर्जीव विषाणूपासून फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस अंग मोडून येते वा कणकण भासते, ती शरीर सज्ज होत असल्याची खूण असते.

तथापि खरोखरीच अपूर्व अशी लसही मनुष्याच्या पुढ्यात येते, आणि तिची कथा आपल्या मुंबईतच घडलेली आहे. 1896 साली प्लेग आला तेव्हा जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली, 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचून, टोचलेले व न टोचलेले यांची तुलना करून तिचा गुण दाखवून दिला. पुढे 1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली, हाफकिन यांच्यावर ठपका आला, आणि दोष प्रयोगशाळेतील लशीचा नसून गावी बाटली उघडताना झालेल्या हयगयीचा होता हे मान्य होऊन त्यांचे नाव निर्मळ होण्यास 1907 साल उजाडले. त्या एका बाटलीच्या धास्तीने जर प्लेगची लसच बुडविली असती, तर त्या 19 जणांस न्याय मिळाला नसता आणि इतर हजारोंचे रक्षण मात्र अंतरले असते.

याची दुसरी बाजूही तुझ्यापासून लपविणे मला योग्य वाटत नाही. 1976 साली अमेरिकेत डुकरांच्या फ्लूची साथ येणार या भयाने चार कोटींहून अधिक लोकांना घाईने लस टोचण्यात आली. साथ आलीच नाही, पण गिलाँ-बारे नामक मज्जातंतूंच्या विकाराचे प्रमाण लस घेतलेल्यांत लाखामागे सुमारे एकाने वाढलेले आढळले, आणि डिसेंबरात ती मोहीम थांबविण्यात आली. जोखीम अल्प होती, पण समोर रोगच नसल्यामुळे ती अल्प जोखीमही जड ठरली. म्हणजे लशीचा धोका एकटाच तराजूत घालून चालत नाही. दुसऱ्या पारड्यात रोगाचा धोका घालावा लागतो. आजच्या हंगामी लशीने तो विकार झाला तरी दहा लाखांमागे एखाद-दुसऱ्यासच होतो, आणि खुद्द फ्लूनेही तो होऊ शकतो.

आता ते दुसरे पारडे पाहा. जून 1918 मध्ये मुंबईच्या गोदीवरील पोलिस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले; सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेल्या फ्लूच्या दुसऱ्या लाटेने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली, आणि त्यांत वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट स्त्री-पुरुषांचा भरणा मोठा होता. तेव्हा "मी तरुण, मला काय होते" हा युक्तिवाद तू करू नकोस. 3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने अंत झाला, तो त्या साथीतील देशातला पहिला मृत्यू. शाळा व चित्रपटगृहे बंद झाली, लोक तोंडास फडके बांधून रांगा लावू लागले, पण देशात तयार झालेली पहिली लस हाती यावयास जून 2010 उजाडले. त्या दहा महिन्यांत पुण्या-मुंबईच्या कुटुंबांपुढे निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. तुझ्यापुढे आज तो आहे, हे भाग्य समज.

शिवाय तू कोठे येणार आहेस याचाही विचार कर. तुर्भ्याचा हा बाजार म्हणजे नाशिक, जुन्नर, सातारा आणि परराज्यांतून रात्रभर गाड्या येऊन रिकाम्या होण्याचे ठिकाण. माथाडी, मापाडी, वाहनचालक, मेहताजी व गिऱ्हाईक पहाटेपासून एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून वावरतात, आणि मे 2020 मध्ये करोनाच्या प्रादुर्भावामुळे हे आवार काही दिवस बंद ठेवावे लागले होते. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात वाढतो. येथे मिळालेला ताप शनिवारच्या एस्टीने तू नारायणगावी नेशील, आणि घरी ज्या दोघी आहेत त्यांनाच तो सर्वांत जड जाईल; मधुमेहींना फ्लूनंतर न्यूमोनियाचे भय अधिक असते, आणि गर्भवतींना 1918 व 2009 या दोन्ही साथींनी विशेष ग्रासले होते. सूनबाईच्या बाबतीत आणखी एक लाभ आहे: आईने लस घेतली असता तिची प्रतिकारद्रव्ये बाळास मिळतात, आणि सहा महिन्यांपर्यंत बाळास स्वतःस ही लस देता येत नसल्यामुळे तेवढ्या काळात आईकडून आलेले कवच हेच त्याचे संरक्षण असते.

लस ही अभेद्य तटबंदी आहे असे मी म्हणत नाही. फिरणाऱ्या विषाणूशी तिचा मेळ चांगला जमला, तर डॉक्टरकडे जाण्याची पाळी येण्याचा धोका 40 ते 60 टक्के कमी होतो. मेळ न जमल्यास लाभ घटतो, तरी आजार बळावण्यापासून काही आधार मिळतोच. आपल्या बाजारातला जाणता खरेदीदार नवा कांदा नवा म्हणून नाकारीत नाही आणि नवा म्हणून उचलीतही नाही. गोणी सोडवितो, मूठभर माल हाती घेऊन दाबून पाहतो, आणि मग बोलतो. तू तसेच कर. लस कोणत्या हंगामाची, ती निर्जीव आहे की नाकात फवारण्याची जिवंत विषाणूंची (ही दुसरी गर्भवतीस देत नाहीत), मुदत केव्हा संपते, ती 2 ते 8 अंश तापमानात ठेवली होती काय, हे दवाखान्यात स्पष्ट विचार. पूर्वी कोणत्याही लशीने तीव्र प्रतिक्रिया आली असल्यास, अंड्याचे वावडे असल्यास, गिलाँ-बारे होऊन गेला असल्यास, किंवा त्या दिवशी ताप असल्यास ते आधी सांग. टोचून झाल्यावर अर्धा तास तेथेच बसा. खर्चाची अडचण असल्यास प्रथम सरकारी रुग्णालयात गर्भवती व मधुमेहींसाठी काही तजवीज आहे काय याची चौकशी कर.

एक गोष्ट निक्षून सांगतो. अक्कावर किंवा सूनबाईवर हुकूम चालवू नकोस. 1897 साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सोजिरांनी घरोघर शिरून झडत्या घेतल्या, त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती प्लेग अधिकारी रँड याच्या वधात झाली, आणि दवाखान्याविषयी लोकांच्या मनात जी अढी बसली तिने रोगाचेच फावले. शरीर ज्याचे, संमती त्याची. दोघींना वरील सारे समजावून सांग, त्यांच्या शंका डॉक्टरांपुढे मांडू दे, आणि मग त्यांना ठरवू दे.

माझे मत विचारशील तर ते निःसंदिग्ध आहे: आधी अक्का आणि सूनबाई, त्यांच्या डॉक्टरांच्या संमतीने, आणि त्यांच्या मागोमाग तू, अशी तिघांनीही ही लस घ्यावी. रक्षण उभे राहण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून तुर्भ्यास येण्यापूर्वी निदान तेवढे दिवस मोजून घे. लस घेऊनही ताप-खोकला आलाच, तर गाळ्यावर येऊ नकोस आणि घरीही जाऊ नकोस, सरळ माझ्याकडे ये. आणि घरी कोणास धाप लागली, किंवा सूनबाईस नुसता ताप आला, तरी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे, कारण फ्लूवरील औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तरच त्याचा पुरता उपयोग होतो.

काय ठरले ते उलट टपाली कळव.

तुझा,
मामा