चित्रे काढणारे यंत्र

१९७९ सालची गोष्ट. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात, एका कलासंग्रहालयाच्या जमिनीवर भला मोठा कागद अंथरला होता. त्यावरून एक चिमुकले चाकांचे यंत्र संथपणे फिरत होते. ते जाई तिकडे कागदावर रेघ उमटे. अशा यंत्राला गमतीने 'कासव' म्हणतात.

या कासवाला चालविणारा संगणक होता, आणि त्या संगणकासाठी नियम रचले होते हॅरॉल्ड कोहेन यांनी. कोहेन हे मूळचे लंडनचे चित्रकार. १९६६ साली व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात ब्रिटनतर्फे त्यांची चित्रे मांडली गेली होती. असा कीर्तिमंत मनुष्य यंत्राच्या नादी का लागावा? त्यांना एका प्रश्नाने पछाडले होते : कागदावरच्या चार रेघांना आपण 'चित्र' केव्हा म्हणतो?

आपल्या नियमसंचाला त्यांनी 'ॲरन' हे नाव दिले. आकृती बंद कोणती व उघडी कोणती, आत काय व बाहेर काय, एवढेच प्रारंभी ॲरनला ठाऊक होते. पुढे कोहेन यांनी त्याला माणसाचे अवयव व झाडाच्या फांद्या यांची माहिती दिली. कोपर कोणत्या बाजूस वाकते, हे आपल्याला कोणी शिकवीत नाही. ॲरनला मात्र तेही सांगावे लागले!

खरी अडचण आली ती रंगांची. चित्रकार रंग लावतो, दोन पावले मागे सरतो, डोळे किलकिले करून पाहतो आणि मग हात फिरवून सुधारणा करतो. ॲरनला तर डोळेच नव्हते. म्हणून बरीच वर्षे रेखाटन ॲरनचे आणि रंग कोहेन यांचे, अशी वाटणी चालली. रंगांच्या गडद-फिक्या छटा कशा जुळवाव्यात, याचे नियम अखेर त्यांनी बसविले आणि १९९५ साली बॉस्टन येथे त्यांचे यंत्र स्वतः रंग भरू लागले. पण लोक चित्राऐवजी यंत्राकडेच पाहत राहत! पुढे कोहेन यांनी ती यंत्रे बाजूला सारली.

आजची चित्र काढणारी संगणकयंत्रे निराळ्या रीतीने शिकतात. असंख्य माणसांनी निर्माण केलेली कोट्यवधी चित्रे व छायाचित्रे त्यांच्यापुढे ठेवली जातात आणि त्यांतील साम्य ती स्वतःच हेरतात. "आमची चित्रे आम्हांला न विचारताच घेतली," अशी कित्येक चित्रकारांची तक्रार आहे, व ती रास्त वाटते. ॲरनची शिदोरी एकाच माणसाने बांधून दिलेली होती, आणि ती त्याच्या स्वतःच्या कमाईची होती.

कोहेन २०१६ साली वारले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत आकृती ॲरन रेखाटी. रंग मात्र ते वृद्ध चित्रकार पडद्यावर स्वतःचे बोट फिरवून भरीत.