जलझोत नौकेच्या दोन एंजिनांतील शक्तिक्षय : निदानाची रीत

विहिरीवरील पंप आणि नदींत धांवणारी नौका यांचा काय संबंध, असें वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु जलझोत नौका, म्हणजे जिला जेट बोट म्हणतात ती, एका शेतकऱ्यानेंच प्रचारांत आणली. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटांत आयरिशमन क्रीक येथें मेंढ्या पाळणारे विल्यम हॅमिल्टन यांस आपल्या भागांतील उथळ व दगडगोट्यांच्या नद्यांतून फिरण्याजोगी नौका हवी होती. तळाखालीं फिरणारा नेहमींचा पंखा अशा नद्यांत दगडांवर आपटून मोडतो. म्हणून १९५४ च्या सुमारास त्यांनीं पंखा नौकेच्या पोटांत घेतला. तळांतील जाळींतून पाणी ओढावें व मागील तोंडांतून जोरानें फेकावें, अशी योजना केली. हें तोंड प्रथम तळाखालीं होतें. तें पाण्याच्या पातळीवर आणतांच वेग वाढला. १९६० सालीं अशा नौका कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर चढून गेल्या.

सारांश, या नौकेचें यंत्र म्हणजे एक पंपच होय. म्हणून तिच्या दोषांचें निदान कसें करतात हें जाणणें पंप बाळगणाऱ्या शेतकऱ्यास उपयोगाचें आहे.

शक्ति गेली कीं सुकाणूही गेलें

या नौकेस निराळें सुकाणू नसतें. झोताचें तोंड डावीउजवीकडे वळवून नौका वळवितात. झोत मंदावला कीं वेग जातोच, शिवाय वळण्याची शक्तिही जाते, आणि नौका प्रवाहाच्या हातीं सांपडते. म्हणूनच अवघड नद्यांत दोन एंजिनें व दोन पंप ठेवण्याची वहिवाट आहे. क्वीन्सटाऊनजवळ शॉटओव्हर नदीच्या अरुंद कड्यांमधून प्रवासी नेणाऱ्या नौकांत दोन दोन एंजिनें असतात. एक थकलें तरी दुसऱ्याच्या बळावर काठ गांठतां यावा, हा हेतु. परंतु एक एंजिन आधींच अर्धमेलें असून चालकास त्याची वार्ता नसेल, तर दुसरें एंजिन हा नुसता भ्रमाचा आधार ठरतो.

फेऱ्यांचा नियम

पंपाचा पंखा फिरविण्यास लागणारी शक्ति फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. फेरे निम्मे केले तर शक्ति एक अष्टमांश पुरते. उलट, पूर्ण थ्रॉटलवर मिनिटास ४,००० फेरे करणारें एंजिन ३,६०० वर थांबूं लागलें, तर फेरे शेंकडा दहाच कमी दिसतात. परंतु शक्ति शेंकडा सुमारें २७ घटलेली असते. आठ सिलिंडरांपैकीं एक पूर्ण बंद पडला तरी फेरे ४,००० वरून ३,८०० च्या आसपासच येतात. म्हणून फेऱ्यांतील लहान घट ही क्षुल्लक मानूं नये.

दुसरें असें कीं, पंपाचा भार मुख्यत्वें फेऱ्यांवर अवलंबून असतो; नौकेच्या वेगावर फारसा नाहीं. यामुळें पंप हाच एंजिनाची परीक्षा घेणारा कांटा होतो.

चाचणी आणि तिचे तीन निकाल

नौका निर्दोष असतांना पूर्ण थ्रॉटलवरील फेरे, वेग, उष्णता आणि चढलेलें ओझें यांची वहींत नोंद ठेवावी. अशी नोंद नसल्यास शेजारचें एंजिन हेंच माप समजावें. चाचणी खोल व स्वच्छ पाण्यांत, नौका वेगांत आल्यावर करावी. उभ्या नौकेंत थ्रॉटल पूर्ण उघडल्यास पंप पाणी नीट धरीत नाहीं, व उथळांत तो खडेही ओढून घेतो. फेरे दाखविणाऱ्या कांट्यावरही आंधळा विश्वास टाकूं नये. दोन्ही एंजिनें जवळजवळ सारख्या फेऱ्यांवर आणलीं म्हणजे त्यांच्या आवाजांत एक कमीअधिक होणारी लहर ऐकूं येते. फेरे जुळत जातील तसतशी ती मंद होते. कांटे सारखे आणि लहर जलद असेल, तर एक कांटा खोटा आहे.

पहिला निकाल : फेरे कमी. दोष बहुधा एंजिनाकडे असतो. आरंभ सोप्यापासून करावा. थ्रॉटलची तार शेवटपर्यंत जाते कीं नाहीं, हवेची वाट मोकळी आहे काय, इंधनाच्या गाळणींत पाणी किंवा गाळ आहे काय, टाकीचें हवेचें छिद्र बुजलें आहे काय, हें पाहावें. मग प्लग व ठिणगी पाहावी. धूर बाहेर नेणारी रबरी नळी कधीं आंतून सुटून वाट अडविते; बाहेरून ती चांगलीच दिसते. सर्वांत शेवटीं सिलिंडरांतील दाब मोजावा. तत्पूर्वीं एंजिनें बंद करून पंपाचा दांडा हातानें फिरवून पाहावा. तो जड लागल्यास खडा अडकला आहे किंवा दोर गुंडाळला गेला आहे असें समजावें.

दुसरा निकाल : फेरे जास्त, वेग कमी. एंजिन निर्दोष असून पंप पाणी धरीत नाहीं. जाळींत शेवाळ, गवत वा फांदी अडकली असेल. ओढीच्या बाजूनें हवा शिरत असेल. अथवा पंख्याच्या पात्यांच्या कडा खड्यांनीं बोथट झाल्या असतील. पंखा व त्याभोंवतीचें कडें यांतील अंतर नव्या यंत्रांत मिलिमीटरच्या अंशाइतकेंच असतें. वाळूनें तें झिजून वाढलें कीं पाणी मागें निसटतें.

तिसरा निकाल : फेरे नेहमींइतके, परंतु वेग कमी. अशा वेळीं नौकेकडे पाहावें. तळांत पाणी सांचलें आहे काय, ओझें वाढलें आहे काय, नौका मागें नेण्याची झडप अर्धवट खालीं लोंबकळत झोतास अडवीत आहे काय, हें तपासावें.

एक गुंतागुंत ध्यानांत ठेवावी. पुष्कळ नौकांत एंजिन थंड करणारें पाणी पंपाच्याच दाबानें येतें. जाळी बुजली किंवा त्या वाटेंतील गाळणींत वाळू भरली, तर एंजिन तापतें. आणि आधुनिक एंजिनांतील नियंत्रक यंत्र बचावासाठीं फेरे आपण होऊन उतरवितें. तेव्हां फेरे कमी दिसले तरी मूळ दोष पाण्याच्या वाटेंत असतो. म्हणून फेऱ्यांबरोबर उष्णताही वाचावी.

दोन एंजिनांचा लाभ

दोन्ही एंजिनें एकदम मंदावलीं, तर दोघांस समान असलेलें कारण शोधावें : एकाच टाकींतील पाणीमिश्रित इंधन, शेवाळाचा पट्टा किंवा वाढलेलें ओझें. उंच प्रदेश व उष्ण हवा यांनींही दोन्ही सारखींच उतरतात. तो दोष नव्हे. एकच मंदावलें, तर त्याचे प्लग वा गाळणी दुसऱ्याशीं बदलून पाहावी. दोष वस्तूबरोबर पलीकडे गेला, तर ती वस्तु अपराधी. न गेला, तर ती निर्दोष. मात्र एका वेळीं एकच वस्तु बदलावी. चार एकदम बदलल्यास दोष जाईल, पण कारण कळणार नाहीं, व खर्च चौपट होईल.

पंपांत हात घालण्यापूर्वीं नौका काठास बांधून, दोन्ही एंजिनें बंद करून किल्ल्या स्वतःजवळ घ्याव्या. पेट्रोलची वाफ कोंडली असल्यास ती पंख्यानें बाहेर घालविल्यावांचून एंजिन सुरू करूं नये.

आमच्या पंपांविषयीं

हीच रीत विहिरीवर चालते; मात्र खूण निराळी. डीझेल एंजिनावर नियामक असल्यामुळें फेरे फारसे हलत नाहींत. तेथें धूर व पडणारें पाणी पाहावें. पाणी कमी आणि धूर काळा, तर बहुधा एंजिन थकलें आहे किंवा पंप जड झाला आहे. पाणी कमी आणि एंजिन हलकें चालतें, तर ओढीच्या नळींत हवा शिरली आहे, फूटव्हॉल्व्ह बुजला आहे किंवा विहिरीची पातळी उतरली आहे. विजेच्या मोटारीवर हेंच वर्तमान अँपिअरचा कांटा सांगतो. पाणी तुटलें कीं तो खालीं येतो.

दोष एंजिनांत कीं पाण्यांत, हा प्रश्न प्रथम सोडवावा, व मगच पाना हातीं घ्यावा. पीक तहानलेलें असतां नळींतील हवेसाठीं एंजिन उकलीत बसणाऱ्याचे दोन दिवस फुकट जातात. नदींतल्या चालकास मात्र तितकाही अवकाश नसतो. म्हणून त्यानें वहींतील नोंद व कांट्यावरील आंकडा यांचा मेळ काठ सोडण्यापूर्वींच घालावा.